डबल बेल

ड्रिलचं टोक भिंतीत शिरलं, शिरतच गेलं, आणि एकदम हलकं झालं. पलीकडे डब्यासारखं काहीतरी आपटलं. मग भिंतीच्या त्या बाजूने एक शिंक आली, पाठोपाठ दुसरी.

घनश्यामने ड्रिल बंद केलं, स्टुलावरूनच वाकून भोकाला डोळा लावला, आणि तोही शिंकला.

"विमल," डोळा चोळत तो म्हणाला, "त्याले इचार, काय पडलं."

त्याले म्हणजे त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाला, गोविंदाला. गोविंदा भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर उभा होता आणि प्रश्न त्याला स्वच्छ ऐकू गेला होता.

"वहिनी," पलीकडून आवाज आला, "कंडक्टरले सांगा, तिखट पडलं. वर्षाचं. आत्ताच कांडून आनलं होतं."

"ड्रायव्हरले सांग, भिंतीले लागून फळी माराले कोनं सांगतलं होतं?"

"कंडक्टरले सांगा, भिंत माही हाय."

"माही म्हनते! अर्धी माही हाय."

"मंग अर्ध्यातच थांबाचं होतं ना, वहिनी, ड्रिलनं."

स्टूल धरून उभ्या असलेल्या विमलने यातलं एकही वाक्य इकडून तिकडे नेलं नव्हतं. नेण्याची गरजही नव्हती. पण प्रत्येक वाक्यावर तिचं नाव लिहिलेलं होतं, आणि ते तिच्या कानातून गेल्याशिवाय पलीकडे पोचल्याचं दोघेही मान्य करत नव्हते. दोन वर्षं तिची ही हमाली चालली होती. तिखट तिच्याही नाकात गेलं. तिने पदर लावला आणि पदरामागून जे म्हणायचं ते म्हणून घेतलं.

दोघे भाऊ दिग्रस डेपोत नोकरीला होते. घनश्याम कंडक्टर, गोविंदा ड्रायव्हर. अर्धीअधिक नोकरी दोघांनी एकाच गाडीवर काढली. थोरल्याने दोरी ओढायची, धाकट्याने गाडी चालवायची. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. घरी आल्यावरही दोघांत फार बोलणं व्हायचं असं नाही, पण तेव्हा ते न बोलणं वेगळं होतं. वडिलांनी ठेवलेल्या घराचे दोन भाग झाले, मधली भिंत समाईक राहिली, मागे दोघांच्या दोन टिनाच्या सपऱ्या, म्हणजे पडवीवजा खोल्या. अंगणात पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळल्या झाडांचं, कुंपण, आणि त्याला बायकांना जाता-येता यावं एवढी फट. भाऊ बोलत नव्हते तरी ती फट कधी बुजली नाही. विमलची वाटी तिकडे जायची, गोविंदाच्या बायकोची, रुखमाची, इकडे यायची, आणि रिकामी वाटी परत करायची नाही हा नियम दोघी जावा पाळत होत्या. घरातलं जे काही शहाणपण उरलं होतं ते त्या वाट्यांमध्ये होतं, असं विमलचं मत होतं.

भांडण झालं ते कूलरवरून.

विमलच्या मुलीचं, अर्पिताचं, लग्न ऐन मे महिन्यात होतं. वरपक्षाच्या खोलीत हवा पाहिजे म्हणून गोविंदाने स्वतःचा कूलर उचलून आणला. साधा कूलर नव्हता तो. त्याने वेल्डरच्या मागे बसून, जाड पत्र्यातून करून घेतलेला, बाजारात मिळतात त्यापेक्षा उभट आणि अरुंद, आणि वर लाल रंग मारलेला. घाट चढणाऱ्या गाडीसारखा तो गुरगुरायचा. त्या दिवशी त्याने हवेबरोबर पाणीही फेकलं, तेही थेट व्याह्यांच्या कडक इस्त्रीवर. घनश्याम धावत आला आणि दहा लोकांत ओरडला, "हे खटारं कोनं आनलं बे? बाहेर टाका!" गोविंदा कूलरमागेच होता, प्लगची वायर हातात धरून. त्याने वायर गुंडाळली, कूलर उचलून ऑटोत घातला, आणि अक्षता पडायच्या आत घरी निघून गेला. पुतणीच्या लग्नात जेवलासुद्धा नाही.

"मी कूलरले म्हटलं, त्याले थोडीच म्हटलं," हे घनश्यामचं म्हणणं तेव्हापासून आजतागायत बदललेलं नव्हतं.

आता अर्पिताला सातवा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे विमलने लग्नाच्या मांडवातच ठरवून टाकलं होतं. पण जावई नयन अमरावतीला राहायचा, आणि स्वभावाने इतका चांगला होता की त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. फोनवर तो अगदी हळू आवाजात म्हणाला होता, "आई, तुमच्याकडे पाठवायला माझी ना नाही. पण स्लॅबखाली तिला सोसेल का? तिकडचा उन्हाळा... इथे एसी आहे, एवढंच म्हणतो." एवढंच! एवढ्यावर विमलची झोप उडाली होती. समोरच्या दोन खोल्यांचा स्लॅब चैत्रातच तव्यासारखा तापत होता. मागची सपरी मात्र कडुनिंबाच्या सावलीत होती, वाऱ्याच्या तोंडावर. अर्पिता तान्ही असताना विमलने सव्वा महिना तिथेच काढला होता. पण ती सपरी आता लाकडी बल्ल्या कुजून एका बाजूला कलली होती, आणि पावसात तर टोपल्या मांडाव्या लागायच्या.

"अक्षय्य तृतीयेच्या आत सपरी नवी करतो," घनश्याम म्हणाला होता. "पोरगी इथंच येईन."

विमलला वाटलं, मिस्त्री लावेल. मिस्त्री आलाही होता. लखीराम त्याचं नाव. पण तोपर्यंत घनश्यामने मोबाइलवर कोणा एका माणसाचे व्हिडिओ पाहिले होते. तो माणूस एकटाच, हसत हसत, पांढऱ्या शर्टात अख्खी खोली बांधत होता आणि शर्टाला डाग पडत नव्हता. घनश्यामने होळीच्या दुसऱ्या दिवशी जुनी सपरी पाडली. पाडायचं काम त्याला फार छान जमलं. तिथून पुढे घर मागून उघडं पडलं. सपरीतली खाट, जातं, सरपण, कोठ्या सगळं समोरच्या खोलीत आलं, आणि विमल सिमेंटच्या पोत्याला पाठ लावून झोपू लागली.

मग भिंत. कानावर निळी पेन्सिल खोचून घनश्याम विटा लावायचा. ती पेन्सिल नोकरीतली सवय होती. निवृत्त झाल्यावर पंच मशीन गेली, बॅग गेली, पेन्सिल कानावरच राहिली. विटांशीही तो प्रवाशांसारखाच वागायचा. "सरक, सरक आत," असं पुटपुटत एकेक वीट दाबायचा. गुडघ्यापर्यंत आल्यावर भिंतीने उजवीकडे वळण घेतलं. लखीराम रस्त्याने जाता जाता डोकावला आणि म्हणाला, "भाऊ, भिंत दारव्ह्याले चालली वाटते." त्याला घनश्यामने हाकलून दिलं. दोन दिवसांनी ती भिंत आडवी झाली. तिच्याखाली विमलची कुंडी गेली, ओव्याची.

त्यानंतर घनश्यामने क्रम बदलला. आधी लोखंडी खांब आणि वर टिन, भिंत मागून. "गाडीचं बी तसंच असते," तो म्हणाला, "आधी टप, मंग सीटं." हे विमलला पटलं नाही, पण सावली तरी होईल म्हणून ती गप्प बसली. खांब उभे राहिले. आता समाईक भिंतीला एक लांब अँगल लावायचा होता, ज्यावर टिनाचं एक टोक टेकेल. आणि त्यासाठी ड्रिल. तिखटाचं भोक चुकून अँगलच्या खाली पडलं होतं, म्हणून वर दुसरं पाडावं लागलं.

"आरपारच जाते ते," तिखटाचा भर ओसरल्यावर घनश्याम मोबाइल पुढे करून म्हणाला. "पाय ना. लांब बोल्ट. इकडून घालाचा, पलीकडून वायसर टाकून नट आवळाचा. मंग हत्ती लटकला तरी निघत नाई."

"पलीकडून कोन आवळते?"

घनश्यामने मोबाइलकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टाच्या माणसाला पलीकडची बाजू मोकळी मिळाली होती.

"पलीकडं कोन हाय?" तिने पुन्हा विचारलं.

"पलीकडं भिंत हाय," घनश्याम म्हणाला.

विमल अंगणातून, फटीतून, तिकडे गेली. रुखमा खाली बसून सुपाने तिखट गोळा करत होती. नाक लाल, डोळे लाल. गोविंदा भिंतीपाशी उभा होता आणि त्याच्या हातात पाना होता. बरोबर त्याच मापाचा.

"तुमाले कोनं सांगतलं पाना घ्याले?"

"ऐकू येते ना, वहिनी. बहिरा नाई मी." तो भोकाकडे पाहत म्हणाला. "कंडक्टरले सांगा, बोल्ट ढकला. अन वायसर मोठं पाठवा, हे लहान पडते."

विमल इकडे आली. सांगितलं. मोठं वायसर घेऊन तिकडे गेली. तिकडून "जरा वर धराले सांगा" घेऊन इकडे आली. इकडून "वरच धरलं हाय, त्याच्या डोळ्यात तिखट गेलं असन" घेऊन निघाली, आणि ते तसंच्या तसं सांगितलं, कारण निरोपात भेसळ करायची नाही हाही तिचा एक नियम होता. तिकडून "पुरे का इचारा." इकडून "अजून आवळ म्हना." बाहेर ऊन रणरणत होतं. पऱ्हाटीच्या काटक्यांनी तिच्या पदराचा धागा ओढला. पहिलाच बोल्ट अजून पुरता बसला नव्हता, आणि अँगलला भोकांची रांग होती.

फटीत मध्येच ती थांबली. एक पाय या अंगणात, एक त्या.

"ऐका हो दोघं बी," ती दोन्ही सपऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी चालली बाजारात. तुमी दोघं अन तुमची भिंत. ज्याले बोलाचं तो बोलन, ज्याले नाई बोलाचं त्यानं बोल्ट उशाले घेऊन झोपा. रुखमा, चाल. तुहं तिखट घ्याचं हाय."

"विमल, त्याले सांग..." घनश्यामने सुरुवात केली.

"बस्स झालं," विमल म्हणाली, आणि पिशवी घ्यायला आत गेली.

आठवडी बाजारात दोघी जावांनी मिरच्यांच्या ढिगाऱ्यासमोर बसून बराच वेळ घालवला. मिरची घ्यायला तेवढा लागत नाही, पण घरी जायची घाई कोणालाच नव्हती. रुखमा एकेक मिरची मोडून बी पाहत होती.

"ताई, घरात बी तसेच राह्यते हे. गुमसुम. मोठे भाऊजी खोकलले तरी यायचा घास थांबते. पन बोल म्हटलं तर भिंतीकडं पायते." मग काहीतरी आठवून ती म्हणाली, "आपल्या गल्लीतले लेकरं लय वांड झाले, नाई? अंगनात कूलर झाकून ठेवला होता ना आमचा, त्याच्यावरचं पोतं कोनंतरी सरकवलं. अन लाल रंगावर निळ्या रेघोट्या मारल्या. खालून वर, आडव्या. म्या पुसत होती तर हे म्हनले, राहू दे, पुसू नको."

"लेकरंच असतील," विमल म्हणाली. तिचं लक्ष तराजूकडे होतं. मिरचीवाला काट्याला बोट लावत होता.

परत आल्या तेव्हा ऊन कललं होतं. गल्लीच्या तोंडाशीच विमलला तो आवाज आला.

ठक-ठक.

मग लोखंडावर लोखंड फिरल्याची करकर. मग थोडी वाट. मग एकदाच,

ठक.

करकर थांबली.

ती पिशवी कमरेवर घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिली. हा आवाज तिने कुठे ऐकला हे तिला आठवावं लागलं नाही. नवी नवी लग्न होऊन आली तेव्हा ती याच दोघांच्या गाडीतून माहेरी नेरला जायची. दार लावलं की मागून डबल बेल, आणि पुढे गोविंदाच्या हाताखाली गिअर पडायचा. स्टँड आला की एक. कधी चूक नाही. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही मागे वळून विचारलं नव्हतं की काय म्हणालास.

आता घनश्याम स्टुलावर उभा होता आणि हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत होता. ठक-ठक. पलीकडे पाना फिरला. बोल्ट आत ओढला गेला, अँगल भिंतीला चिकटला. ठक. पलीकडे थांबलं. घनश्याम उतरला, स्टूल पुढे सरकवलं, पुढचा बोल्ट लावला. रांग जवळजवळ संपली होती. विमलला आधी हसू आलं, आणि लगेच असा संताप आला की मिरचीची पिशवी तिने ओट्यावर आपटलीच.

"बसले का बोल्ट?"

"बसले."

"कसे बसले?"

"बसवले."

"त्यायच्याशी बोलले?"

"मी कायले बोलू?" घनश्याम खरोखर दुखावल्यासारखा म्हणाला.

"म्हंजे बोलाची गरजच नाई तुमाले!" विमल म्हणाली. "अन मले दोन वर्षं ह्या दारातून त्या दारात पळवलं. वाटलं माही जीभ नसन तर तुमचं जग बंद पडन. अन इथं हातोडीवर काम भागते!"

भिंतीपलीकडे कोणीतरी हसू दाबल्याचा आवाज झाला. तो रुखमाचा होता की गोविंदाचा हे तिला कळलं नाही.

"वहिनी," पलीकडून आलंच मग, "कंडक्टरले सांगा, शेवटचा बोल्ट तिरपा गेला."

"ड्रायव्हरले सांग, माहीत हाय."

टिन चढलं. हत्ती कोणी लटकवून पाहिला नाही, पण दोन दिवसांनी वावटळ आली तेव्हा शेजारच्या घरावरचं एक टिन उडून चौकात पडलं आणि हे जागचं हललं नाही. सावलीत बसून घनश्यामने पुन्हा भिंत धरली. आता ओळंबा सोडून, दोरी बांधून, प्रत्येक थरानंतर एक डोळा मिटून. भिंत या खेपेला दारव्ह्याला निघाली नाही. विमल सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारायची आणि मनातल्या मनात तृतीयेपर्यंतचे दिवस मोजायची. फोनवर अर्पिताने विचारलं, "आई, झालं का?" तिने सांगितलं, "होत आलं." मागून नयनचा आवाज ऐकू आला, "घाई नको म्हणावं आईंना, इथे सगळं आहे." तेव्हा विमलने फोन जरा लवकरच ठेवला.

आणि मग खिडकीचा घोळ झाला.

विमलने वेल्डिंगच्या दुकानात एक तयार खिडकी सांगून ठेवली होती. रुंद, आडवी, दोन पल्ल्यांची, जाळीसकट. ती आणली आणि भिंतीजवळ नेली, तर घनश्यामने भिंतीत सोडलेली जागा वेगळीच होती. उभट. अरुंद. कमरेपासून सुरू होऊन कपाळापर्यंत गेलेली. आणलेली खिडकी तिच्यात आडवी जाईना, उभी केली तर वर फट राहिली.

"हे काय हाय?" विमल म्हणाली.

"खिडकी."

"अजी, खिडकी अशी असते? ना धड खिडकी, ना धड दरवाजा. माप घेतलं होतं का?"

"मापूनच सोडली."

"कायचं माप? भुताचं?"

घनश्यामने थापी पाण्याच्या बादलीत बुडवली.

"परवा पोरगी येते. जावई सोडाले येते. तो एसीतला मानूस हे भगदाड पायन अन पोरीले तसाच गाडीत घालून घेऊन जाईन. तोडा हे. वर दोन थर लावा, बाजूनं फोडा, अन ही खिडकी बसवा."

तोपर्यंत घनश्यामने न सांगता काय काय तोडलं होतं याची यादी विमलला पाठ होती. पहिली भिंत. तिरपा गेलेला ओटा. उलटी बसवलेली दाराची चौकट. तोडायला त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आता तो थापी हातात घेऊन त्या भोकासमोर असा उभा राहिला, जसा पूर्वी भरलेल्या गाडीच्या दारात उभा राहायचा.

"हे नाई तुटत," तो म्हणाला.

"काहून?"

"नाई तुटत म्हटलं ना."

"चुकली असन तर चुकली म्हना. कोनी फाशी नाई देत."

"चुकली नाई."

दिवसभर मग नवरा-बायकोही बोलले नाहीत. विमलला वाटलं, आता या घरात निरोपांसाठी दुसरी हमालीण शोधावी लागणार.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती सपरी झाडायला गेली. जमीन शेणाने सारवून झाली होती, खाट आणून टाकली होती, कडुनिंबाची सावली टिनावर आली होती. बाकी सगळं नीट होतं, आणि म्हणूनच ते भगदाड आणखी वाईट दिसत होतं. त्यातून उन्हाची एक झळ थेट खाटेच्या उशापर्यंत येत होती. निदान आजच्यापुरतं झाकावं म्हणून तिने एक पोतं घेतलं आणि भोकावर धरलं.

पोतं हातात तसंच राहिलं.

पोतं कोनंतरी सरकवलं, रुखमा म्हणाली होती. खालून वर, आडव्या रेघोट्या.

विमलने पोतं खाली टाकलं. भोकाच्या खालच्या कडेवर पालथा हात ठेवला, मग वरच्या. भांडणाच्या आधीच्या उन्हाळ्यांत त्या कूलरच्या डोक्यावर तिने किती वेळा कुरड्यांचं ताट ठेवलं होतं. ताट ठेवताना हात कुठवर उचलावा लागायचा, हे हाताला माहीत होतं. हात बरोबर तिथेच पोचला. दोन्ही बाजूंना तळवे लावले. अरुंद. बाजारात मिळतात त्यापेक्षा अरुंद.

ती वाकून बाहेर पाहू लागली. भोकाखाली, अंगणात, चार कोपऱ्यांना विटांचे चार ठोकळे रचलेले होते. दोन दिवस ती त्यांना उरलेल्या विटा समजत होती आणि उचलून ठेवा म्हणून घनश्यामच्या मागे लागली होती. ठोकळ्यांना वर सिमेंट मारलेलं होतं. चारही एका पातळीत. सगळ्या घरात पाण्याची लेव्हल लावून सपाट केलेलं असं तेवढंच काम होतं.

ठोकळ्यांपलीकडे कडुनिंबाच्या बुंध्याशी घनश्याम पाठमोरा बसून थापी घासत होता. थापी सकाळीच घासून झाली होती. तिने ते स्वतः पाहिलं होतं. पेन्सिल कानावर होती.

हवेत एक वास होता. दुपारपासून येत होता, पण तिचं लक्ष गेलं नव्हतं. ओल्या, नव्या खसाचा, कूलरला लावतात त्या वाळ्याचा, वास. तो अंगणातून येत नव्हता. ती वास घेत घेत समाईक भिंतीपाशी आली. पहिल्या दिवशी चुकीच्या जागी पाडलेलं ते भोक, ज्याने तिखटाचा डबा पाडला होता, ते कोणीच बुजवलं नव्हतं. ना इकडून, ना तिकडून. वास त्यातून येत होता. भिंतीपलीकडे पाण्याचे थेंब टपटपत होते, आणि कोणीतरी अगदी शांत बसलं होतं.

विमलने एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. तिला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

कोपऱ्यात हातोडी पडली होती. तिने ती उचलली, दांडा भिंतीकडे केला.

ठक-ठक.

अंगणात थापी घासण्याचा आवाज थांबला.

पलीकडे कोणीतरी घसा खाकरला. मग लोखंडाचे पाय फरशीवरून खरडत निघाले. आवाज रुखमाच्या सपरीतून अंगणात आला, आणि कुंपणाशी येऊन अडला. फट बायकांपुरती होती. लाल पत्र्याचं ते धूड तिच्यातून जाणार नव्हतं. पऱ्हाट्यांच्या वर गोविंदाचं घामेजलेलं डोकं दिसलं.

"वहिनी," तो धापा टाकत म्हणाला, "सांगा त्यायले. एकट्यानं उचलत नाई. दोन मानसं पाह्यजे."

विमल सपरीच्या दारात उभी होती. दोघांच्या बरोबर मधे. तिने हातोडी खाली ठेवली, झाडू उचलला, आणि खाटेखालचं झाडायला वाकली. निरोप तिने कोणालाच पोचवला नाही.

थोडा वेळ नुसता झाडूचा आवाज होता. मग बाहेर कडुनिंबाखाली थापी विटेवर ठेवल्याचा आवाज झाला.